तिच्या डब्यात वाजलं पाहिजे

कॅसेट हातात आली की बाई आधी तिच्या चाकात करंगळी घालायच्या. सैल पडलेली पट्टी फिरवून ताणून घ्यायच्या, कॅसेट कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखी हलवायच्या आणि मग चष्म्याच्या वरून आपल्याकडे पाहत विचारायच्या, "तुह्या डब्यात वाजली, त्याचं काय कवतिक? तिच्या डब्यात वाजन काय?"

डबा म्हणजे टेपरेकॉर्डर. बाईंच्या तोंडी त्याला दुसरं नाव नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची ही गोष्ट आहे. तेव्हा सौंसरात टेपरेकॉर्डर ही काही नवलाची वस्तू उरली नव्हती. लग्नात, गणपतीत, पानठेल्यावर डबे वाजतच असत. पण त्या डब्यांतून शाळा भरवता येईल हे आमच्या गावात फक्त बाईंना सुचलं.

तुमच्याही गावात अशी एखादी मास्तरीण असेल, जिचा आवाज तिच्या आधी पोचतो. आमच्या बाई तशाच. कन्याशाळेत त्या इतिहास-भूगोल शिकवायच्या. उंच, किडकिडीत, लग्न न केलेल्या, कायम काठाच्या सुती पातळात. एवढ्याशा देहात तो आवाज मावत कसा होता कोण जाणे. त्या वर्गात प्लासीची लढाई शिकवत असल्या की शाळेसमोरचा सायकलवाला पंक्चर काढता काढता थांबून ऐकायचा. पुस्तकं हिंदीत असायची, कारण सौंसर मध्य प्रदेशात, राज्य हिंदीचं. बाई उतारा हिंदीत वाचायच्या आणि पुस्तक मिटून म्हणायच्या, "आता आपल्या भाषेत सांगतो, आयका." मग लढाई सौंसरच्या बाजारात झाल्यासारखी व्हायची.

मी मूळची पांढुर्ण्याची. लग्न होऊन सौंसरला आले आणि त्याच शाळेत हिंदी शिकवायला लागले. बाई आमच्याच गल्लीत, दोन खोल्यांत राहायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी दारातून आवाज दिला, "तुह्याकडं डबा हाय म्हणते. रिकामा बसून राहिला काय?"

मला वाटलं, लोणच्याचा डबा मागत आहेत. मी आतून बरणी घेऊन आले. बाई इतक्या हसल्या की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

त्यांना हवा होता माझ्या नवऱ्याचा टेपरेकॉर्डर. आणि माझा आवाज.

बोरगावची वनमाला नववीत असताना आमच्या शाळेत होती. संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी, वर्गात पहिली, वादाला पुढे. मेंदूज्वर झाला, त्यातून वाचली, पण डोळे गेले. त्यानंतर तिनं बोलणंच कमी केलं. बाई रविवारी बसनं बोरगावला जायच्या आणि तिच्याशेजारी बसून पुस्तक वाचायच्या. पण आठवड्यात रविवार एकच. वनमालाच्या भावानं नागपूरहून गाणी ऐकायला टेपरेकॉर्डर आणला, तो पाहून बाईंच्या मनात आलं, आपण नसताना आपला आवाज तिथं राहिला तर? पोरीला बोर्डाच्या परीक्षेला खाजगी बसवायचं, आणि सगळी पुस्तकं तिला वाचून पाठवायची.

"इतिहास-भूगोल मी वाचून राहिली," बाई म्हणाल्या. "हिंदी तू वाच. विज्ञान धोटे सर. इंग्रजी पाहू कोणाच्या गळ्यात पडते ते."

मी पहिली कॅसेट मोठ्या मायेनं वाचली. हळू, मऊ आवाजात, शब्दाशब्दाला थांबत, आजाऱ्याच्या उशाशी बसून वाचावं तशी. ती बोरगावला गेली आणि चार दिवसांत परत आली. दुसऱ्या बाजूला वनमालाचा आवाज होता. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मॅडम, माझे डोळे गेले. बाकी मी धडधाकट हाय. जरा फटाफट वाचा ना. झोप येते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र ते वाक्य पट्टी मागे फिरवून फिरवून ऐकलं. "बोलली!" त्या म्हणाल्या. "अवो, पोट्टी बोलली! भांडून राहिली म्हंजे बरी झाली." आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या.

वनमालाचं ऐकून मला पांढुर्ण्याचा देविदास आठवला. आमच्या माहेरच्या शेजारचा मुलगा. आठवीनंतर शाळा सोडून फिटरचं काम शिकला होता. बॅटरी भरताना ती फुटली आणि तेजाब डोळ्यांत गेलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पुरुष दिवसभर ओट्यावर बसून असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखायचा आणि त्यातच दिवस काढायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की अंध माणसांना टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण मिळतं, नोकरीही लागते, पण मॅट्रिक झालेलं पाहिजे. त्याच्या आईनं तेव्हाच हात टेकले होते.

मी हे बाईंना सांगितलं. वाक्य संपायच्या आत त्या म्हणाल्या, "त्याच्याकडं डबा कोन्ता हाय?"

अशी ती थैली फिरायला लागली. बाईंनी मांजरपाटाची एक थैली शिवली, तोंडाला नाडी. सौंसरहून ती बसच्या कंडक्टरजवळ बोरगावला जायची, वनमालाचं ऐकून झालं की पांढुर्ण्याला देविदासकडे, आणि तिथून परत आमच्याकडे. कॅसेट महाग होत्या, म्हणून एका धड्याची एकच प्रत. पुढं आणखी दोघंतिघं ऐकणारे जोडले गेले, पण थैलीची खरी माणसं ही दोन.

पाठवणं सोपं असतं हो. पाठवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. पोचून उपयोगी पडणं ही गोष्ट वेगळी, हे आम्ही त्या थैलीपायी शिकलो.

धोटे सरांचंच पाहा. विज्ञानाचे शिक्षक, हौशी माणूस. त्यांच्या वडिलांनी आणलेला जुना मोठा स्पूलचा रेकॉर्डर त्यांच्या घरी होता. ताटलीएवढ्या दोन चकत्या फिरायच्या. सरांनी अख्खं विज्ञान त्यावर भरलं, आणि काय सुरेख भरलं! आवाज घंटेसारखा. पितळी डब्यात घालून ते स्पूल घेऊन ऐटीत आले.

बाईंनी एक चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "सर, सोन्यासारखं काम केलं तुम्ही. पण हे थालीपीठ घालू कोणाच्या डब्यात?"

सरांचा चेहरा पडला. सबंध दिवाळीची सुट्टी त्यांनी त्यात घातली होती. बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. "वाया नाही जाऊ द्यायचं," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही सरांच्या बैठकीत दारंखिडक्या लावून बसलो. एका बाजूला तो मोठा रेकॉर्डर वाजतो आहे, समोर माझा टेपरेकॉर्डर ते भरून घेतो आहे, आणि आम्ही तिघं श्वास रोखून. शिंकायची चोरी. तरी बाहेरचं जग थोडंच थांबतं? चुंबकाच्या धड्यात नेमका 'कल्हईऽऽ' असा आवाज घुसला. सर पुसून पुन्हा भरायला निघाले. बाई म्हणाल्या, "राहू द्या. पोरायले वाटन, शाळा गावातच हाय."

देविदासनं नंतर सांगितलं की चुंबकाचे गुणधर्म त्याला कधी विसरायला झाले नाहीत. कल्हईवाल्याच्या आधी दोन, नंतर तीन.

अशा खोड्या निघतच गेल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर जास्त मावतं म्हणून मी एकदा ती वापरली. देविदासच्या जुन्या डब्याला तिची पातळ पट्टी झेपेना. तेव्हापासून साठचीच. एकदा बाईंनीच उतरलेल्या सेलवर भरलं, आणि वनमालाच्या नव्या सेलच्या डब्यात औरंगजेब राघूसारखा चिरक्या आवाजात बोलायला लागला. वनमालानं निरोप भरला, "बाई, बादशहाचा गळा बसला का उठला, समजून नाही राहिलं." कोणती कॅसेट कशाची, हे आंधळ्या माणसाला कळावं म्हणून बाईंनी कॅसेटवर धान्य चिकटवलं, इतिहासाला तुरीची डाळ, हिंदीला ज्वारी. फार छान कल्पना, पण डाळीमुळे बोरगावच्या डब्याचं झाकण लागेना. मग बाईंनी डाळ खरवडली आणि गरम सुईनं कडेला खाचा पाडल्या.

नकाशाचं तर विचारूच नका. भूगोल सांगायचा तर नकाशा पाहिजे. बाईंनी जाड पुठ्ठ्यावर लोकरीनं भारत काढला, नद्यांना रेशमी दोरा. पुठ्ठा थैलीत मावेना. कंडक्टरनं बिचाऱ्यानं तो दुमडून घातला आणि हिमालय मधोमध मोडला. बाई गप्प बसल्या नाहीत. जुन्या पातळाचा मऊ तुकडा घेऊन त्यावर नकाशा टाक्यांनी भरला. घडी करा, चुरगळा, धुवा, काही होत नव्हतं. वनमाला तो मांडीवर पसरून बोटांनी नर्मदेवरून चालत जायची.

थैली परत आली की प्रत्येक कॅसेटच्या शेवटी ऐकणाऱ्यानं तीन गोष्टी बोलून पाठवायच्या, हा बाईंचा दंडक. मिळाली. वाजली. समजली. "हे तीन येगयेगळे हायेत बरं," त्या बजावायच्या. इंग्रजी आमच्या इथल्या बँकेतल्या एका साहेबांनी वाचून दिलं होतं, अगदी विलायतेहून आल्यासारखं. त्यावर देविदासचा निरोप आला, "मिळाली जी. वाजली जी." आणि बराच वेळ नुसती पट्टी फिरण्याची खरखर.

एक वर्ष असं गेलं. परीक्षेचे अर्ज भरले गेले, लेखनिक मिळायची परवानगी आली. आणि थंडीच्या दिवसांत बाईंचा आवाज बसला.

आधी आम्ही चेष्टा केली. सायकलवाला म्हणाला, "बाई, आजकाल लढाई आयकू नाही येऊन राहिली." मग आवाज फाटायला लागला, मग नुसती हवा यायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. ती काढली, ती साधी निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली, तीन महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल.

बाई गळ्याला रुमाल बांधून, हातात पाटी-पेन्सिल घेऊन परत आल्या. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'इतिहास पुरा झाला हाय. चिंता नाही.'

खरंच, आजारापूर्वी त्यांनी इतिहासाचा शेवटचा भाग भरून ठेवला होता. या वेळी थैली उलटी फिरली होती, आधी देविदासकडे, कारण वनमाला भूगोलात गुंतली होती. देविदासनं त्या कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकल्या. आणि एका दुपारी थैली परत आली, ती उघडली तर आत तपकिरी पट्टीचा शेवयांसारखा गुंता. देविदासच्या डब्याचं रबर झिजलं होतं. त्यानं एक कॅसेट गिळली, ती सोडवायच्या गडबडीत तुटली, आणि घाबरून घातलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या कॅसेटचीही तीच गत. सोबत एक धड कॅसेट होती. तिच्यात दुसऱ्या कोणाच्या डब्यावर भरलेला देविदासचा आवाज, "बाई, डब्यानं खाल्लं. माझ्या हातानं झालं. वनमालाबाईले काय तोंड दाखवू?"

बाईंनी तो गुंता मांडीवर घेतला. टोक शोधायला लागल्या. पट्टी जागोजागी चुरगळली होती, तुटली होती. मी म्हटलं, "बाई, मी वाचते ना इतिहास. त्यात काय?" त्यांनी मान हलवली. मी एक धडा वाचून बोरगावला पाठवलाही. वनमालाचं उत्तर आलं, "मॅडम, वाचलं चांगलं. पण हे पुस्तक हाय. आपल्या भाषेत सांगणं यात नाही." ते खरंच होतं. बाई ज्या तऱ्हेनं सांगायच्या ते मला कुठून येणार? परीक्षा महिन्यावर आली होती.

त्या रविवारी बाई बोरगावला निघाल्या. मी सोबत गेले. बसमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. बाई बोलू शकत नाहीत, वनमाला वाचू शकत नाही. पाटी काय कामाची? बाईंच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं. वाटभर त्यांनी पाटी मांडीवर पालथी घालून ठेवली होती.

वनमाला ओट्यावरच होती. पावलं ऐकून उठली. "बाई?"

बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. ओठ हलले. मी त्यांचा हात दाबला. मी त्यांच्या वतीनं बोलायला लागले, तर वनमालानं मला थांबवलं. "मॅडम, थांबा. बाईंनाच सांगू द्या." आणि तिनं आपला उजवा तळवा पुढं केला. "बाई, लिहा. अक्षरं मी विसरली नाही."

बाईंनी बोटानं तिच्या तळव्यावर पहिलं अक्षर काढलं. वनमालानं ते मोठ्यानं म्हटलं. मग दुसरं. आम्ही तिथं बसलो, आणि बाई लिहीत होत्या, वनमाला बोलत होती, जणू बाईंचाच आवाज तिच्या तोंडून येत होता. "डब्यानं... इतिहास... खाल्ला." वनमाला हसली. मग बाईंचं बोट तळव्यावर तसंच राहिलं.

वनमालाच वर तोंड करून म्हणाली, "देविदासभाऊंनी त्या ऐकल्या होत्या ना? किती वेळा?"

"पाठ होईस्तोवर," मी म्हटलं. "दुसरं काम काय त्याला?"

"मंग त्यायलेच सांगा ना भरायला. मले कोणाच्याबी तोंडून चालते, सांगणं बाईचं पाहिजे."

बाईंनी तिचा तळवा उचलून आपल्या गालाला लावला.

मी दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गेले. टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेट घेऊन देविदासच्या ओट्यावर बसले. तो आधी तयारच होईना. "मी आठवी शिकलेला माणूस. मी काय शिकवू वनमालाबाईले? नाही जी, जमणार नाही."

त्याची आई आतून म्हणाली, "दिवसभर तर बडबडत राह्यतो. मांजरीले सत्तावनचं बंड सांगते, पोरीले सांगाले काय झालं?"

मी बटण दाबलं. देविदासनं घसा खाकरला, मान किंचित तिरपी केली आणि सुरू झाला. तुम्हाला काय सांगू! बाईंची लय, बाईंचे थांबे, आधी हिंदी उतारा आणि मग, "आता आपल्या भाषेत सांगतो, आयका." एक शब्द इकडचा तिकडे नाही. भरून झाल्यावर घामानं भिजला होता. म्हणाला, "बरोबर झालं काय? मी काहीच सोडलं नाही."

खरंच काहीच सोडलं नव्हतं. ते आम्हाला घरी आल्यावर कळलं.

थैली बोरगावला जाण्यापूर्वी बाईंनी ऐकायला घेतली. स्टुलावर टेपरेकॉर्डर, समोर गळ्याला रुमाल बांधलेल्या बाई, मी आणि धोटे सर. कानपूर झालं, झाशी झाली. देविदासचा आवाज रंगात आलेला. "राणीनं इंग्रजायले काय सांगतलं? मी माझी झाशी... थांबा जरा. दूध उतू चाललं वाट्टे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कॅसेट पुढं चालली. "हां. वाचलं. थोडंसंच सांडलं. तर राणी काय म्हणाली..."

बाईंनी भरताना मध्येच उठून दूध उतरवलं होतं, ते त्यानं धड्यासकट पाठ केलं होतं. पुढं खोकला आला तो खोकला. "हा चष्मा मेला," हेही आलं. एके ठिकाणी मांजरीला "हट" म्हटलं होतं, तिथं देविदासनं "हट" म्हटलं.

धोटे सर खुर्चीवरून घसरायचेच राहिले. मी पोट धरून हसत होते. बाईंना हसायची परवानगी नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, खांदे गदागदा हलत होते, आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं. किती तरी वेळ वाहत होतं. मग मला कळलं की त्या आता हसत नाहीयेत. गेल्या दोन महिन्यांत त्या घरात बाईंचं बोलणं पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

कॅसेट संपल्यावर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'दूध काढू नका. तसंच पाठवा.'

वनमालाचं उत्तर लगेच आलं. तिनं तिन्ही शब्द एकदम म्हटले होते, "मिळालीवाजलीसमजली," आणि पुढं, "देविदास सर, पुढचा धडा कधी?"

सर म्हटलेलं ऐकून देविदासनं ती कॅसेट आईला ऐकवली, शेजाऱ्यांना ऐकवली, माझ्या वडिलांनाही बोलावून ऐकवली.

परीक्षा झाल्या. वनमाला सौंसरच्या केंद्रावर बसली, देविदास पांढुर्ण्याच्या. निकाल लागला त्या दिवशी वनमालाचे वडील संत्र्यांची टोपली डोक्यावर घेऊन शाळेत आले. मोसमाच्या शेवटची फळं, लहान आणि वाळकी, पण घरात होती तेवढी सगळी आणलेली. पोरगी पहिल्या श्रेणीत पास झाली होती. देविदासला इंग्रजीत सप्लिमेंट्री, म्हणजे फेरपरीक्षा, आली. तो खचला नाही. बाईंना तोवर थोडं थोडं बोलायची मुभा मिळाली होती. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नाही, घोगरा आणि बारका. त्या घोगऱ्या आवाजात बाईंनी स्वतः अख्खं इंग्रजी पुन्हा भरलं. त्यांचं इंग्रजी यथातथाच, पण वऱ्हाडीतून समजावलेलं. देविदास पुढच्या खेपेला पास झाला आणि टेलिफोनचं शिक्षण घ्यायला नागपूरला गेला.

बाई निवृत्त होईपर्यंत थैली फिरत राहिली. नंतर वनमालाच ती चालवायची. नागपूरला कॉलेजात गेली तेव्हा तिथल्या मैत्रिणींना तिनं वाचायला बसवलं, आणि त्या फार हळू वाचतात म्हणून त्यांच्याशीही भांडली.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. त्या सकाळी गल्लीत कोणाचंच मन कामात नव्हतं. झोपेतच गेल्या. त्या घोगऱ्या आवाजाला आम्ही आता कुठं सरावलो होतो. वनमाला सुट्टीत घरीच होती, तिला बोरगावहून आणायला धोटे सर गेले. देविदासला कळवायचं माझ्याकडे आलं. तो नागपूरला एका सरकारी कार्यालयाच्या टेलिफोनवर होता. मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. बराच वेळ खरखर, मग स्वच्छ, भरदार आवाज आला, "नमस्कार. कोणाशी बोलायचं आहे?"

"तुझ्याशीच, देविदास," मी म्हटलं. "मी सौंसरहून बोलते."

त्यानं मला आवाजावरून ओळखलं. मी सांगितलं. लाइन तुटली की काय म्हणून मी "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"हाय मी," तो म्हणाला. "आयकून राहिलो."

तेवढ्यात त्याच्याकडे दुसरी घंटी वाजली. मग आणखी एक. "फोन ठेवू नका मॅडम," तो म्हणाला, "एवढं लावून देतो."

मी रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिले. लाइन उघडीच होती. पलीकडे कोणी म्हातारी हळू आवाजात काही विचारत होती, मुलाचं नाव सांगत होती, तिला विभाग ठाऊक नव्हता. देविदास तिला एकेक विचारत होता, घाई न करता. त्याचे शब्द सगळे स्पष्ट होते. मग कुठंतरी खट् झालं, आणि तो म्हणाला, "हां माय, लागला. तो आला लाइनवर. बोल आता."